सुयाक सावकाश पाहायचं असेल तर: मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साखरेच्या गावासाठी मार्गदर्शक

मॉरिशसच्या ठरलेल्या सहलीत एक दिवस दक्षिणेचा असतो. गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती, मग बस एका कड्यापाशी थांबते. सगळे उतरतात, वाऱ्यात केस सावरत फोटो काढतात, नारळपाणी पितात आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसतात. त्या जागेचं नाव ग्री-ग्री. तिच्या पाठीमागे जे गाव आहे, ते सुयाक. बसमधल्या बहुतेकांना आपण एका गावात येऊन गेलो हे कळतही नाही.

हा लेख त्या गावाला निदान दोन रात्री द्यायला तयार असलेल्यांसाठी आहे. किनाऱ्यावर लोळायचं असेल तर बेटाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला सुयाकपेक्षा कितीतरी चांगले किनारे आहेत, तिकडेच जा. सुयाक पाहायचं ते साखरेच्या वाटेने. ऊस जिथे उगवायचा तिथून सुरुवात करायची आणि साखरेची पोती जिथून होडीत चढायची तिथे पोचायचं. उलट केलंत तर जुन्या भिंती, बाग, थडगी आणि धबधबा असे सुटे तुकडे हाती लागतात.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

गावाला नाव मिळालं ते व्हिकोंत द सुयाक या फ्रेंच गव्हर्नरावरून. 1779 ते 1787 या काळात बेट त्याच्या ताब्यात होतं. पुढे 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि दक्षिणेत ऊस पसरत गेला. रस्ते वाईट, राजधानी पोर्ट लुई दूर. म्हणून आसपासच्या मळ्यांची साखर बैलगाड्यांनी सावान नदीच्या मुखाशी यायची आणि तिथून होड्यांनी किनाऱ्या-किनाऱ्याने राजधानीला जायची. 1878 मध्ये रेल्वे सुयाकपर्यंत आली आणि बंदराचं काम संपत गेलं. पुढे रेल्वेही गेली, प्रवासी गाड्या 1956 मध्ये बंद झाल्या. आज गावात जी शांतता जाणवते, ती हे काम उठून गेल्याची आहे.

ते काम कुणी केलं? 1 फेब्रुवारी 1835 पर्यंत गुलामांनी. त्या दिवशी कायद्याने गुलामगिरी संपली, पण 'शिकाऊ कामगार' या नावाखाली त्याच माणसांना 1839 पर्यंत त्याच मळ्यांत राबवलं गेलं. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. दरम्यान 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून कराराने बांधलेले 36 हिंदुस्थानी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची आपली माणसं होती. त्यांचे वंशज मुख्यतः पश्चिमेकडे, कास्कावेल आणि ब्लॅक रिव्हरच्या बाजूला वसले. त्यामुळे सुयाकमध्ये मराठी घरं शोधत फिरू नका. गणेशोत्सव पाहायचा असेल तर तो तिकडे. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

पोर्ट लुईमध्ये अर्धा दिवस काढता आला तर सुयाकच्या आधी काढा. आप्रवासी घाट इथे जहाजातून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आले त्या सोळा पायऱ्या आहेत. 2006 पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. आणि पोर्ट लुईच्या उत्तरेला बो प्लां इथल्या जुन्या साखर कारखान्यात साखरेचं संग्रहालय आहे. रस काढणं, उकळणं, दाणा पाडणं हे सगळं तिथे मूळ यंत्रांसमोर उभं राहून समजतं. मग दक्षिणेतली एखादी एकटी उभी चिमणी नुसता दगडी खांब वाटत नाही.

कधी जावं, काय बरोबर घ्यावं

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, त्यात जानेवारी ते मार्च चक्रीवादळांची भीती. मे ते ऑक्टोबर हवा सुखद, पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे दक्षिण किनाऱ्यावर सरळ आदळतात. सुयाकमध्ये जुलैची संध्याकाळ चांगलीच गार होते, वाऱ्याला अडवेल असं जाकीट न्याच. माझं मत विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पाऊस कमी, वारा जरा नरमलेला आणि ऊसतोडणी चालू. तोडणीचा हंगाम साधारण जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत असतो. एरवी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊसच दिसतो. तोडणी झाली की अचानक डोंगर, जुनी बांधकामं आणि समुद्र उघडे पडतात. या लेखातली निम्मी मजा त्या उघड्या शेतांत आहे.

वादळाच्या काळात जाणार असाल तर तिथली इशाऱ्याची पद्धत समजून घ्या. 1 ते 4 असे वर्ग असतात. पहिला वर्ग लागला की बातम्यांवर लक्ष ठेवा, दुसरा लागला की पाणी आणि खाणं खोलीत आणून ठेवा, तिसरा लागला की बाहेर पडायचं नाही. तेव्हा बसही थांबतात आणि दुकानंही.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मात्र विमानतळावर मागू शकतात. निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-फॉर्म भरायचा असतो. ताजी फळं, रोपं, बियाणं बॅगेत टाकू नका. बेटाचा रोगकिडीचा कायदा कडक आहे. चलन मॉरिशियन रुपया, आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास. 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण गावातल्या छोट्या दुकानात आणि बसमध्ये रोखच लागते, तीही सुट्टी. प्लग तीन चौकोनी पिनांचे, इंग्लंडसारखे.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे सुयाकच्याच बाजूला आहे. त्यामुळे उत्तरेकडचं हॉटेल घेऊन दोनदा बेट ओलांडण्यापेक्षा सहलीची सुरुवात किंवा शेवट सुयाकला ठेवणं सोयीचं. टॅक्सीला मीटर चालेलच असं धरून चालू नका. बसण्याआधी भाडं ठरवा. सामान कमी असेल तर माएबूरकडून विमानतळावरून येणारी बस पकडता येते. क्यूरपिपहूनही सुयाकला बस आहेत. ग्रामीण भागात संध्याकाळी साडेसहानंतर बस मिळेल या भरवशावर राहू नका. स्वतः गाडी चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. तोडणीच्या दिवसांत उसाने लादलेल्या ट्रकांमागे शांतपणे चालायची तयारी ठेवा, ओव्हरटेक करायला रस्ते अरुंद आहेत.

मोठी हॉटेलं पश्चिमेला बेल ओंब्रकडे आहेत. गाव कळायचं असेल तर सुयाकमधलं किंवा शेजारच्या सुरिनाम, रियांबेल या गावांमधलं घरगुती गेस्ट हाऊस घ्या. रात्रीचं जेवण मिळेल का हे आरक्षण करतानाच विचारा. अंधार पडल्यावर गावात खाण्याची दुकानं फारशी उघडी नसतात आणि रविवारी दुपारनंतर तर जवळजवळ सगळंच बंद.

पहिला दिवस: उसाकडून

सकाळी लवकर सेंट ऑबिनला जा. रिव्हिएर देझांगी गावाजवळचा हा जुना मळा. पांढरं लाकडी वाडावजा घर 1819 सालचं आहे. रमची भट्टी आहे, व्हॅनिलाची लागवड आहे, दुपारचं जेवणही मिळतं. व्हरांडा सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तिथे बसताना व्हॅनिलाच्या वेलांकडे जरा वेळ द्या. व्हॅनिलाचं फूल एकाच दिवशी काही तास उमलतं. मूळ मेक्सिकोचा हा वेल इकडच्या बेटांवर वाढला, पण शेंगा धरेनात. बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागकण दाबायची युक्ती 1841 मध्ये शेजारच्या रेयुनियाँ बेटावर सापडली. ती शोधणारा एदमों आल्बियुस हा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. जगभर व्हॅनिला आजही अशीच हाताने फळवतात. मार्गदर्शकाला ती क्रिया करून दाखवायला सांगा. फुलं नसली तरी ते हातवारे करून दाखवतात.

तिथून सुयाककडे येताना गाडी किंवा चाल मुद्दाम मंद ठेवा आणि शेतांच्या मध्ये बघा. काळ्या दगडांचे ढीग दिसतील, काही नुसते रचलेले तर काही पायऱ्यापायऱ्यांच्या बुरुजासारखे, घराएवढे उंच. ही जमीन म्हणजे लाव्हाचा खडक. ऊस लावण्याआधी एकेक दगड हाताने उचलून बाजूला काढला गेला, त्याचे हे ढीग. त्यांच्यावर कुठे पाटी नाही, तिकीट नाही. माझ्या मते दक्षिणेतलं सगळ्यात मोठं स्मारक हेच. जवळून पाहायला रस्त्याकडेचा ढीग निवडा. शेत खाजगी असतं आणि तोडणीच्या दिवसांत यंत्रं चालू असतात. दगडाला हात लावलात तर खडबडीत पोत आणि बारीक भोकं ओळखीची वाटतील. त्याला कारण आहे. सह्याद्री ज्या लाव्हाने घडला, त्याचा उगम आणि या बेटांचा उगम पृथ्वीच्या पोटातल्या एकाच उष्ण ठिकाणाशी जोडला जातो. आपला खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, मॉरिशस एक कोटीच्या आतलं.

वाटेत शेताच्या कडेला, झाडाखाली लहानसं देऊळ दिसेल, लाल झेंडे, ओळीत मांडलेले दगड. ही कालीमाई. मजुरांनी मळ्याच्या वस्तीत मांडलेलं दैवत. चपला काढून नमस्कार करायला कुणी अडवत नाही, पण पूजा चालू असेल तर कॅमेरा खिशात राहू द्या.

दुपारनंतर रोचेस्टर धबधबा. सुयाकपासून काही किलोमीटर आत, सावान नदीवर, उसाच्या शेतांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने. वाटेवर हाताने रंगवलेल्या पाट्या आहेत. उंची दहा मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या घाटातल्या पावसाळी धबधब्यांपुढे किरकोळ. बघायचा तो पाण्यामागचा खडक: लाव्हा थंड होताना तडकून झालेले सरळ उभे खांब. वरून उडी मारून दाखवतो म्हणणारे तरुण भेटतात. त्यासाठी पैसे लागतात हे आधीच समजा, आणि नको असेल तर हसून 'नों, मेर्सी' म्हणा. खाली दगड शेवाळलेले असतात, सँडलपेक्षा पकड असलेले बूट बरे. जोरदार पाऊस पडून गेला असेल तर पाण्यात उतरू नका.

दुसरा दिवस: बंदरापासून कड्यापर्यंत

हा दिवस पूर्ण पायी. सकाळी नदीच्या मुखाशी सुरू करा. इथे जुन्या साखर गोदामांच्या दगडी भिंती आहेत, या जागेला ल बातलाज म्हणतात. होड्या लागायच्या त्या धक्क्याजवळ उभं राहून पाण्याकडे पाहा. नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्याचा पट्टा वेगळा दिसतो. आता इथे मासेमारी करणाऱ्यांच्या काही होड्या आणि पर्यटकांसाठी जेवणाची सोय, बस एवढंच.

मग टेलफेअर बाग. समुद्राच्या काठावरच, वड आणि देशी बदामाची मोठी झाडं. रविवारी गावातली कुटुंबं डबे घेऊन इथे बसतात, तेव्हा एरवीपेक्षा जास्त जिवंत वाटते. बागेला ज्याचं नाव आहे तो चार्ल्स टेलफेअर मूळचा आयर्लंडचा, आरमारातला शल्यवैद्य, वनस्पतींचा वेडा. 1816 पासून जवळच्या बेल ओंब्र मळ्यात त्याची मालकी होती. चीनमधून मागवलेली बुटक्या जातीच्या केळीची रोपं त्याने 1829 मध्ये इंग्लंडला पाठवली. त्या जातीला पुढे कॅव्हेंडिश नाव पडलं, आणि जळगावची ग्रँड नैन त्याच घराण्यातली. इथवर कौतुक. पण हाच टेलफेअर शेकडो गुलामांचा धनी होता. बेल ओंब्रमधल्या गुलामांच्या हालांवरून इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी त्याच्यावर टीका केली, तेव्हा त्याने 1830 मध्ये आपल्या बाजूने पुस्तक लिहिलं. बागेतल्या सावलीत या दोन्ही गोष्टी एकत्र आठवायला हरकत नाही. बागेखालच्या पाण्यात मात्र उतरू नका, ओढ जबरदस्त आहे.

समुद्राकाठचं दफनस्थान वाऱ्यात उघडं पडलेलं आहे. जुन्या फ्रेंच घराण्यांची थडगी, काही फुटलेली, अक्षरं झिजलेली. मळ्यात राबणाऱ्यांची नावं इथल्या दगडांवर शोधून बघा, म्हणजे कोरलं कुणाला जातं ते ध्यानात येईल. कवी रोबेर-एदवार हार्त (1891–1954) इथेच विसावला आहे. त्याचं घर ग्री-ग्रीच्या वाटेवर, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं. 'ला नेफ' नावाच्या या घरात 1967 पासून संग्रहालय आहे. दोन-तीन खोल्या, टेबल, हस्तलिखितं, खिडकीतून समुद्र. हिंदू तत्त्वज्ञानाची त्याला ओढ होती. फ्रेंच येत नसेल तर अर्धा तास पुरे. आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी ते आदल्या दिवशी गेस्ट हाऊसमध्ये विचारून घ्या.

आता ग्री-ग्री. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा दूरच फुटतात आणि किनाऱ्याला निळं संथ पाणी मिळतं. इथे त्या भिंतीला खंड पडला आहे. दक्षिणेचा समुद्र थेट काळ्या कड्यावर येतो, आणि अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. पोहायला मनाई आहे, ती मनापासून पाळा. कड्याच्या टोकाचा खडक खालून पोखरलेला असतो, म्हणून कुंपण नाही तिथेही दोन-चार पावलं आतच राहा. इथून पूर्वेकडे पायवाटेने पुढे गेलात की ला रोश की प्लर, म्हणजे रडणारा खडक. लाट वर चढून खडकाच्या कपारींतून धारा होऊन ओघळते. खडकात हार्तचा चेहरा दिसतो म्हणतात. मला दिसला नाही, बाजूच्या आजोबांना अगदी स्पष्ट दिसत होता. सहलीच्या बस सकाळी उशिरा ते दुपारी येतात. चारनंतर गेलात तर हा सगळा पट्टा तुमचाच.

समुद्रात पाय भिजवायचेच असतील तर पश्चिमेला रियांबेल. तिथे प्रवाळ भिंतीच्या आत उथळ पाणी आहे. रबरी तळव्याचे जोडे घाला. दगडासारखा दिसणारा विषारी लाफ मासा उथळ पाण्यात असतो. भिंतीत जिथे तोंड आहे तिथे ओढ असते, म्हणून गावकरी जिथे उतरतात तिथेच उतरा.

बोलणं आणि खाणं

लोक आपसात क्रिओल बोलतात, कागदावर इंग्रजी आणि फ्रेंच, म्हाताऱ्यांच्या तोंडी भोजपुरी. हिंदी अनेकांना समजते. दुकानात किंवा बसमध्ये शिरताना आधी 'बोंझूर', मग काम. थेट प्रश्न टाकला तर उद्धट वाटतं. 'की मान्येर?' म्हणजे कसं काय, 'कोम्ये सा?' म्हणजे हे कितीला. एवढ्यावर दोन दिवस निघतात.

भारतीय चेहरा पाहिला की लगेच 'तुमचे पूर्वज कुठल्या गावचे?' असं विचारायची आपल्याला घाई असते. थांबा. ज्याच्याशी बोलताय तो कदाचित आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांचा वंशज असेल, त्याला असा गाव सांगताच येणार नाही. कुणाचा पणजोबा सरदार, म्हणजे मजुरांवरचा मुकादम असेल, आणि ते घरात अभिमानाने सांगतात की नाही हे घरागणिक बदलतं. समोरचा स्वतःहून बोलला तर ऐका. आणि 'अजून तुम्ही आपलेच' हे वाक्य टाळा. ती माणसं मॉरिशसची आहेत.

खाण्यात ढोल पुरी सोडू नका. चणाडाळ भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीतला गूळ काढून वर रस्सा आणि तिखट चटणी घातल्यासारखी, कागदात गुंडाळून जोडीने देतात. सकाळी गाडीवर ताजी मिळते, दुपारी संपलेली असते. गातो पिमां म्हणजे डाळीचे तिखट वडे, ते पावात घालून खातात. शाकाहारींनी रुगाय मागताना आत काय आहे ते विचारा. टोमॅटोच्या या रश्शात बहुधा खारवलेला मासा किंवा सॉसेज असतो.

निघताना

पश्चिमेला जाणार असाल तर आतल्या रस्त्याऐवजी किनारी रस्ता घ्या: रियांबेल, बेल ओंब्र, बे द्यू काप, मग ल मोर्न. बेल ओंब्रला 'ट्रेव्हेसा' जहाजाचं स्मारक आहे. 1923 मध्ये हिंदी महासागरात बुडालेल्या त्या जहाजाचे काही खलाशी उघड्या होडीतून पंचवीस दिवसांनी इथे लागले. ल मोर्नच्या कड्यावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपायचे. 2008 पासून तोही जागतिक वारसा यादीत आहे. वर चढायचं असेल तर सकाळी अगदी लवकर सुरू करा आणि वरच्या टप्प्यासाठी वाटाड्या घ्या. मधल्या माकोंदेच्या वळणावर सगळेच फोटोसाठी थांबतात. तिथे गाडी लावायला जागा तोकडी आहे आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून थोडं पुढे जाऊन गाडी लावा आणि चालत मागे या.